मुक्ताबाईंचा पत्ता

गुपित सांभाळावं तर आम्हीच! हे वाक्य एकोणीसशे त्र्याहत्तरच्या मार्च महिन्यात मी निदान दहा वेळा म्हटलं असेल, आणि दहाही वेळा मुक्ताबाईंसमोर. आता ते आठवलं की कानशिलं गरम होतात. पण तुमच्यापासून काय लपवायचं! आणि माझ्याकडून लपवलं जातं कुठं!

मी तेव्हा कळंबला एका सहकारी खरेदी-विक्री संघात हेडक्लार्क होतो. संघाचं नाव सांगत नाही, कारण थोडी अक्कल मला नंतर आली आहे. सतरा वर्षांची नोकरी, टंकलेखनाचा वेग मिनिटाला चाळीस शब्द, आणि पत्राच्या मसुद्यात चूक म्हणून नाही! चेअरमनसाहेब तर म्हणायचे, "राघवेंद्रराव, तुम्ही पत्र लिहिलं की समोरचा उत्तरच देत नाही." हे मी कौतुक समजत असे.

दिवस दुष्काळाचे होते. दोन वर्षं पाऊस नाही. रेशनला लाल मिलो ज्वारी, पोरांना सुकडी, आणि अर्धा तालुका खडी फोडायला. कळंबातले आड एकेक करून आटत गेले, आमच्या गल्लीतले तर सगळेच. एक सोडून. तो मुक्ताबाई ओव्हाळांच्या परसातला.

मुक्ताबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मली, माझ्या दोन्ही मुलीसुद्धा. दुष्काळाच्या अकरा वर्षं आधी त्यांनी स्वतःच्या कमाईनं तीन खोल्यांचं घर बांधलं आणि परसात आड खणला. तेव्हा गल्लीतली एकही घागर तिकडं फिरकली नाही. बाईंच्या घराण्यानं छप्पन साली धम्म घेतलेला, भिंतीवर बुद्धाची तसबीर. बाळंतपणाला बाई चालायच्या, त्यांच्या आडाचं पाणी चालायचं नाही! हे मी ताठ मानेनं सांगत नाही. आमच्याही घरची घागर गेली नव्हती.

मग दुष्काळ आला. एका सकाळी समोरची सिताबाई, जिच्या तोंडाला सगळी गल्ली भिते, ती रिकामी घागर घेऊन मान खाली घालून बाईंच्या दारात उभी राहिली. बाईंनी मागचं एक अक्षर काढलं नाही. फक्त म्हणाल्या, "दोर तिथं हाय. हितं वरनं कुणी कुणाला वाढायचं न्हाय. ज्यानं त्यानं शेंदायचं." दुसऱ्या दिवशी माझी बायको शामला गेली. आठ दिवसांत सगळी गल्ली. घरटी दोन घागरी, रांगेनं, आणि कोण कुणाचा हे विचारायचं नाही.

तर अशा या मुक्ताबाई एका संध्याकाळी आमच्या घरी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "राघवेंद्रराव, घर इकायचंय."

मी उडालोच! "का हो बाई?"

"लेक बलावतीया औरंगाबादला. तिची नोकरी, दोन लहान लेकरं. माजंबी डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय. जायाचं तर हाय. पण दोन गोष्टी हायत बगा. एक, मला दलाल नगंत. पल्याडच्या आळीतल्या मास्तरांनी घर इकाया काढलं तर आठ दिवस दलाल वट्ट्यावरनं हाललं न्हाईत. मास्तर न्हाणीत, तर ह्ये बाहेरनं न्हाणी मोजतेत! त्यास्नी एकदा नाव-पत्ता कळला की संपलंच. कुणा सावकाराला घर देतील अन् तो आडाला कुलूप घालील. ज्यो आड खुला ठेवंल त्यालाच मला घर द्यायचंय. तो म्या सवता निवडणार."

"आणि दुसरी?"

बाईंनी दाराकडं बघून आवाज आणखी उतरवला. "गल्लीला आत्ताच कळू द्यायचं न्हाय. बाया रडत्याल. अन् त्या रडल्या की म्या जायाचीच न्हाय."

मी छाती पुढं काढली. "बाई, काळजी सोडा! सहकारात सतरा वर्षं काढली आहेत. निविदा, मोहोरबंद पाकिटं, गोपनीय पत्रव्यवहार हे सगळं माझ्या हातचं आहे. तुमचं नाव ब्रह्मदेवालासुद्धा कळणार नाही!"

"म्या बुद्धाची हाय," बाई हसत म्हणाल्या. "पण कळू नगाच देऊ. अन् काय लिवता ते मला एकदा दावा."

आता माझी योजना ऐका. संघाच्या पद्धतीनं एक निवेदन काढायचं, नाव-गाव न देता. इच्छुकांनी आपली माहिती बंद पाकिटात लिहून संघाच्या दारावरच्या टपालपेटीत टाकायची. पाकिटं मी उघडणार, दलाल दिसला की बाद करणार, आणि उरलेली चार सज्जन माणसं गुपचूप बाईंच्या पुढ्यात नेऊन उभी करणार. आहे की नाही डोकं!

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब चाऱ्याच्या कामाला उस्मानाबादला गेले होते. मी घरचा कागद नेला, दार लावून घेतलं आणि स्टेन्सिल कापायला बसलो. वर ठळक अक्षरांत 'गोपनीय'. त्याच्या खाली 'जाहीर निवेदन'. मग मजकूर: "कळंब येथे एक पक्के घर, तीन खोल्या, न्हाणी व परस, विकणे आहे. मालकाचे नाव व ठावठिकाणा कोणत्याही परिस्थितीत उघड केला जाणार नाही." आडाचा तर मी उल्लेखसुद्धा केला नाही! त्या उन्हाळ्यात कळंबात पाण्याचा आड म्हटलं असतं तर शेंबड्या पोरानंही घर ओळखलं असतं. ही हुशारी सुचली तेव्हा मी स्वतःशीच शीळ घातली.

पन्नास प्रती काढल्या. वरपासून सहीपर्यंत तीनदा तपासलं. एक काना इकडचा तिकडं नाही! मग आमचा शिपाई कोंडिबा याला प्रती दिल्या. "येरमाळा, शिराढोण, ईटकूर, एसटी स्टँड, बाजार. एक प्रत मुक्ताबाईंना द्यायची. आणि कोंडिबा, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही!"

"मला वाचायाच येत न्हाय, सायेब. काय बोलणार म्या?" कोंडिबा म्हणाला. असा माणूस गुप्त कामाला मिळायला भाग्य लागतं.

दोन दिवस पेटीत एकही पाकीट नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना शामला रिकामी घागर घेऊन धावत आली. "अहो, मुक्ताबाईंच्या ओट्यावर पाच पुरुष बसलेत! एकाजवळ मोजायचा टेप आहे!"

मी तोंडातली राखुंडी गिळली आणि तसाच पळालो. ओट्यावर मधोमध वीरप्पा दलाल! स्वच्छ धोतर, काळा कोट, तोंडात पान. बाजूला त्याचे भाऊबंद. दारात मुक्ताबाई आणि रांगेत घागरी घेतलेल्या बायका, सगळ्या टकामका बघताहेत.

"या या, हेडक्लार्कसाहेब!" वीरप्पा म्हणाला. "बरं केलंत निवेदन काढलंत. बाईंचं घर आता माझं काम. गिऱ्हाईक तयार हाय."

"कोण बाई? कुठलं घर?" मी उसनं अवसान आणलं. "निवेदनात कुणाचंच नाव नाही!"

वीरप्पानं कोटाच्या खिशातून कागद काढला, माझ्यापुढं धरला आणि अगदी तळाशी, माझ्या सहीच्याही खाली बोट ठेवलं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. वाचकहो, तिथं माझ्याच यंत्रावर, माझ्याच बोटांनी उमटवलेलं होतं:

"प्रत माहितीसाठी सविनय सादर: श्रीमती मुक्ताबाई ओव्हाळ, घरमालक, मोठ्या निंबासमोर, निळे दार, कळंब."

बाई म्हणाल्या होत्या ना, काय लिहिता ते दाखवा! मग त्यांना प्रत पाठवायची, म्हणजे खाली तसं लिहायचं. सतरा वर्षांत मी कुणाला प्रत दिली आणि खाली लिहिलं नाही, असं झालंच नाही. बोटांनी ते आपोआप केलं! आणि तपासताना मी सहीपर्यंतच तपासलं. सहीखालचं कोण वाचतं हो!

"कोंडिबा!" मी ओरडलो. कोंडिबा गर्दीत होताच. "बाईंची प्रत बाईंना का दिली नाहीस? त्यांनी तरी वेळेवर बघितलं असतं!"

"पुरली न्हाय, सायेब. पन्नासच्या पन्नास चिकटवल्या."

म्हणजे सगळ्या तालुक्याला प्रत गेली, एक जिच्या नावानं होती ती सोडून!

मुक्ताबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मला वाटलं, आता बोलतील. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि वळून बायकांना म्हणाल्या, "काय तरी घोटाळा झालाय. चला, पाणी भरा."

बायका भरायला लागल्या, पण सिताबाईची नजर काही बाईंवरून हटेना. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. बरं, तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर? पण नाही! माणूस लाजला की शांत बसतो, कारकून लाजला की खुलासा काढतो.

त्याच दुपारी मी दुसरं निवेदन काढलं. या वेळी सहीच्या खालीसुद्धा चारदा तपासलं. मजकूर असा: "खुलासा. मोठ्या निंबासमोर, निळ्या दाराच्या घरात राहणाऱ्या श्रीमती मुक्ताबाई ओव्हाळ यांचा मागील निवेदनाशी काहीही संबंध नाही. तरी घरखरेदीच्या चौकशीसाठी त्यांच्याकडे कोणीही जाऊ नये. दुपारी दोन ते चार त्या विश्रांती घेतात, त्या वेळी तर मुळीच जाऊ नये." शंभर प्रती! कोंडिबानं मिलोच्या पिठाची खळ करून त्या अशा चिकटवल्या की पुढच्या पावसाळ्यापर्यंत निघाल्या नाहीत.

शामलानं संध्याकाळी तो कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. "अहो, ज्यांनी पहिल्या कागदाचा तळ वाचला नव्हता त्यांनाही आता घर सापडेल!"

"कसं सापडेल? जाऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे."

"आणि जायची वेळ पण लिहिली आहे!"

दुसऱ्या दिवशी ओट्यावर एकवीस माणसं. दुपारी दोनला सगळी शिस्तीत उठून निंबाच्या सावलीत गेली आणि चारच्या ठोक्याला परत आली! एकानं तर मला विचारलं, "सायेब, चार वाजून गेले न्हवं? तुमच्या कागदाचा मान राखतोय आमी." कुणी दार ठोठावतंय, कुणी भिंतीला कान लावून वीट किती जाडीची ते बघतंय, कुणी खिडकीतून भाव सांगतंय. बाईंनी दाराला आतून कडी घातली. संध्याकाळी पाण्याला आलेल्या बायका परसदारानं आत गेल्या. मीही त्यांच्या मागून गेलो, माफी मागायला.

आत बाई चुलीपुढं बसल्या होत्या. सिताबाईनं घागर खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "बाई, तुमी चालला व्हय?"

बाईंनी होकाराची मान हलवली.

मला वाटलं आता रडारड होणार. पण कुणी मोठ्यानं रडलं नाही. सिताबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "अकरा वर्सं तुमच्या आडाकडं पाट करून गेले म्या. यंदा पयल्यांदा आले, तर तुमी निगाला." बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, जसा बाळंतिणीच्या पाठीवरून फिरवायच्या तसाच.

"सिते, जाया तर पायजेच," बाई म्हणाल्या. "पर आड तुमचा ऱ्हायला पायजे. त्योच घोर लागलाय मला. ह्या लोकांतून माणूस कसा वळखू?"

सिताबाईनं पदरानं डोळे पुसले आणि उभी राहिली. एकदम तिचा जुना आवाज परत आला. "वळखायचं काय? आडाचा नेम हाय न्हवं? ज्यानं त्यानं शेंदायचं! घर बगायचंय त्यानं आदी शेंदावं. आमच्या रांगेच्या घागरी भरंल, मग बोलू."

आणि सकाळी तमाशा सुरू झाला! दार उघडलं. सिताबाई पदर खोचून उभी. "घर बगायचंय? या! ह्यो दोर, ह्यो पोहरा. आड खोल हाय, पाणी तळाला हाय, दमानं घ्या."

वीरप्पा आधी हसला. मग कोट काढला. दुसऱ्या पोहऱ्याला टोपी काढली. चौथ्याला धोतराचा काष्टा सुटला आणि सगळी रांग फिदीफिदी हसली. पाचव्याला त्यानं कमरेला हात लावला आणि घाम पुसत म्हणाला, "अहो बाई, हे पाणी फुकट कशाला वाटता? माझं गिऱ्हाईक आडाला जाळी बसवून कुलूप घालणार हाय. दुष्काळात सोन्याची खाण हाय ही!"

रांगेतलं हसणं थांबलं. बाईंनी त्याच्या हातातून दोर काढून घेतला. "वीरप्पा, तुमचा धाकटा माज्या हातावर जन्मलाय. घरी जावा, कंबर शेका."

तो गेला. त्याच्या मागं बाकीचेही गेले. कुणी तीन पोहऱ्यांत गेला, कुणी दोर बघूनच. दुपारपर्यंत ओटा रिकामा! सतरा वर्षांच्या माझ्या गोपनीय पत्रव्यवहाराला जे जमलं नाही ते एका पोहऱ्यानं करून दाखवलं. पण बाईंचा चेहरा काही खुलेना. दलाल गेले, ते बरंच झालं. पण घेणारा कुठाय? लेकीचं पत्र आलं होतं, ऑपरेशनची तारीख जवळ आली होती.

तिसऱ्या दिवशी, भर उन्हात, खाकी कपड्यांतला एक माणूस आला. तीस-बत्तीसचा, रापलेला. "म्या व्यंकट. येरमाळा गाडीवर डायवर हाय. स्टँडावर कागद बगितला."

"दोन ते चार बाई झोपतात," मी म्हटलं.

"कागदावर हाय की ते. म्हणून तर दार न्हाय वाजवलं. बसतो."

पण तो बसला नाही. परसदारी सिताबाईची म्हातारी सासू घागर घेऊन आली होती. त्यानं न बोलता दोर हातात घेतला आणि तिची घागर भरली. मग मागचीची. मग तिच्या मागचीची. बातमी लागली तशी बायका घागरी घेऊन येत गेल्या आणि हा शेंदत गेला. ना खोल्या बघितल्या, ना भाव विचारला. चारला बाई उठून बाहेर आल्या तेव्हाही तो शेंदतच होता.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला आरडाओरडा! पुढं कंडक्टर, मागं तीस-चाळीस उतारू, कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणाच्या काखेत कोंबडी. "व्यंकटराव! अहो साडेतीनची गाडी! अर्धा तास झाला माणसं बसल्यात!"

व्यंकट दचकला. पोहरा हातातच. "झालंच, ह्या दोन घागरी ऱ्हायल्यात."

उतारू रागानं आले होते, पण आधी पाणी प्यायले. मग एकानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. "आणा तो दोर हिकडं." पाच मिनिटांत सगळी रांग भरली!

बाईंनी व्यंकटला बाजूला घेतलं. मी ऐकत होतो. "घर घेतल्यावर ह्या बायांचं काय?"

व्यंकटला आधी प्रश्नच कळला नाही. "काय म्हंजे? येतील न्हवं पाण्याला."

"अन् न्हाय येऊ दिलं कुणी घरातनं तर? तुमच्या घरी कोण कोण?"

"बायको अन् आई. आई वस्तीवरनं कोसभर चालून पाणी आणती, बाई. गेल्या म्हयन्यात एका आडावरनं तिला रिकाम्या घागरीनं माघारी धाडली. ती घरी येऊन चुलीम्होरं बसली ती दिवसभर उठली न्हाय." त्यानं तळहात खाकी पँटीला पुसले, सोललेले होते. "त्याच माउलीच्या दारातनं कुणाला माघारी धाडीन व्हय म्या?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "गाडी घ्या आदी," त्या म्हणाल्या. "अन् उद्या आईला घिऊन या. घर तुमचं."

मला भरून आलं. मी पुढं झालो. "व्यंकटराव, गाडीला उशीर झाला, डेपोत विचारणा होईल. मी डेपो मॅनेजरांना एक खुलासा लिहून देतो!"

व्यंकटनं दोन्ही हात जोडले. "नगं सायेब! म्या मेमो घेतो."

मेच्या शेवटी मुक्ताबाई निघाल्या. स्टँडवर सगळी गल्ली लोटली होती. आता मात्र बायका मनसोक्त रडल्या, बाईही रडल्या, आणि तरी गेल्याच. जाण्याआधी त्यांनी लेकीच्या घरचा पत्ता चिठ्ठ्यांवर लिहून आणला होता. सिताबाईला चिठ्ठी दिली. व्यंकटच्या आईला दिली. शामलाला दिली. वाचता न येणाऱ्या कोंडिबाला दिली. निरोप द्यायला आलेल्या वीरप्पा दलालाला दिली हो! मी आपला हात पुढं करून उभा.

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला, मायेनं दाबला आणि रिकामाच सोडला. "राघवेंद्रराव, तुमी लई चांगलं माणूस," त्या म्हणाल्या. "चार ओळी लिवा मला, न्हाय म्हणू नगा. कागदावर पत्ता शामला लिवंल."

आज आठ वर्षं झाली. महिन्याला बाईंचं कार्ड येतं. डोळे बरे आहेत, नाती शाळेत जातात, आड कसा आहे, सिता कशी आहे. शेवटी नेहमी असतं, "राघवेंद्ररावांची लई आठवण येते." मी हात पुढं करून म्हणतो, बघू गं कार्ड. शामला कार्ड माझ्या डोळ्यांसमोर धरते आणि सगळं वाचू देते, पत्त्यावर अंगठा ठेवून.